हात खाली ठेव, तोमोए

शिमिझु, १२ एप्रिल १९८१

किनुमावशी,

साकुरा फुलला, गळला, आता पानं आली, असं लिहायला बसले होते. पण फुलांची चौकशी पत्रात नको, दुकानासमोर झाड आहे, ते मला दिसतं, असं तू मागे बजावलं होतंस. म्हणून एकदम मुद्द्यावर येते. माझी निवड झाली. जपानच्या संघात. मुलींच्या फुटबॉलच्या संघात.

हसायचं तर हस, पण पुढचं वाच. असा संघ आपल्या देशात आजवर नव्हताच म्हण ना. ठिकठिकाणच्या क्लबांतून मुली गोळा केल्यात. कुणी शाळेत शिकवते, कुणी बँकेत आहे, दोघी अजून शिकतायत, आणि मी ट्यूनाच्या डब्यांच्या कारखान्यातली. माझ्या अंगाला मासळीचा वास येतो म्हणून बचावफळीत माझ्याजवळ कुणी फिरकत नाही, असं आमची गोलकीपर रित्सु म्हणते. कुझेसर शिकवतात. एरवी ते पुरुषांना शिकवतात, आम्हाला फुकट. जर्सीही पुरुषांच्या उरलेल्या, बाह्या बोटांपर्यंत येतात. तरी पहिल्यांदा घातली तेव्हा मी आरशासमोरून हलले नाही. जूनमध्ये हाँगकाँगला जायचंय.

अडचण एकच आहे, आणि ती माझ्या हातांची आहे. आपल्याकडे मुलींच्या सामन्यांचे नियम वेगळे. चेंडू लहान, वेळ कमी, मैदान आखूड. आणि चेंडू छातीवर येत असेल तर मुलीने दोन्ही हात छातीवर आडवे धरले तरी पंच शिटी वाजवत नाहीत. मुलींना लागू नये म्हणून कुणा काळजीवाहू माणसांनी ठरवलेलं. बाहेर असलं काही नाही. तिथे चेंडूला हात लागला की चूक. कुझेसरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, हात खाली. सगळ्यांचेच वर जात होते, आम्ही हसून लोळलो. आता बाकीच्यांचे खाली राहायला लागलेत. माझे नाही राहत. चेंडू दिसला की ते आपले आपण उठतात, मला विचारतसुद्धा नाहीत.

तुला कारण ठाऊक आहे. पोटाच्या दुखण्याने आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. बारा वर्षांची झाले आणि शाळेच्या मैदानावर मुलांबरोबर खेळायचं म्हणून हटून बसले. बाबा होडीच्या फळीला रंधा मारत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "खेळ. पण छातीवर हात धर. एकदा जरी विसरलीस तर खेळ बंद." वाढत्या मुलीशी विधुर बाप याहून जास्त काय बोलणार? पुन्हा तो विषय कधी निघाला नाही. पण मला कळायचं ते कळलं. त्यांना माझी लाज वाटते, मावशी. आजवर एकाही सामन्याला ते आलेले नाहीत.

हाँगकाँगचं मी त्यांना सांगितलंय. ते हूं म्हणाले. त्या हूंचा अर्थ तूच काढ, तुझे भावोजी आहेत.

तोमोए

---

कोबे, २० एप्रिल

तोमोए,

तुझं पत्र मी तव्यासमोर उभं राहून मोठ्याने वाचलं. बुटांच्या कारखान्यातल्या बायका दुपारची कोबीची धिरडी खायला आल्या होत्या, त्यांनी उलथन्यांनी ताटल्या बडवल्या. एक म्हणाली, जपानच्या संघात पोरी असतात हेच मला ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, मलाही कालपर्यंत नव्हतं, पण आता आमच्या घरातली आहे, तेव्हा आवाज खाली.

भावोजींच्या हूंचा अर्थ हो. ज्या माणसाने लग्नातसुद्धा तुझ्या आईला एवढंच म्हटलं होतं, त्याच्याकडून भाषणाची आशा धरू नकोस.

आणि लाजेचं काय घेऊन बसलीस? तुला पहिल्यांदा आतले कपडे पाठवले तेव्हा भावोजी अवघडतील म्हणून मी पार्सलवर "सुकं शेवाळ" असं लिहिलं होतं. त्यांनी ते सर्द होऊ नये म्हणून पत्र्याच्या डब्यात बंद करून फळीवर ठेवलं. सगळा पावसाळा तू वाट बघत बसलीस आणि मी इथे पोस्टाला शिव्या घालत बसले. तो माणूस असा आहे. त्याला बायकांच्या गोष्टी कळत नाहीत, पण सांभाळून ठेवायच्या हे कळतं. छातीवर हात धर म्हणाले त्यामागे लाज आहे की आणखी काही

ही ओळ इथेच सोडते, गिऱ्हाईक आलं होतं.

हात खाली राहत नसतील तर दोरीने बांध. मी लहानपणी डावखुरी होते, आमच्या आईने डावा हात किमोनोच्या पट्ट्यात, ओबीत, खोचून ठेवला होता. आता मी उजव्या हाताने धिरडी उलटते आणि डाव्याने लोकांना मारते. म्हणजे खोड जाते, पण पूर्ण जात नाही. तुला धीर द्यायला लिहायला घेतलं आणि हे असं झालं.

हाँगकाँगला पाणी उकळून पी.

किनु

---

शिमिझु, २४ जून

किनुमावशी,

परत आले. दोन हरलो, एक जिंकलो. जिंकलो तेव्हा रित्सु इतकी रडली की लोकांना वाटलं आम्ही हरलो. परत येताना विमानतळावर आम्हाला न्यायला तिचे आईवडील आणि एक वाट चुकलेला बातमीदार एवढेच होते. बातमीदाराने विचारलं, तुम्ही व्हॉलीबॉलवाल्या ना?

मोठा चेंडू, पूर्ण मैदान, पूर्ण वेळ. शेवटी शेवटी पाय माझे राहिलेच नव्हते. पण पाय शिकतील. हातांचं सांगते. पहिल्या सामन्यात मधल्या मैदानात चेंडू उंचावरून आला आणि शिटी वाजली. मला कळेना कुणाचं काय चुकलं. मी छातीवर हात घेऊन तशीच उभी, कुणीतरी गेल्याची बातमी ऐकल्यासारखी. समोरच्या मुली माझ्याकडे बघत होत्या. त्यातली एक हसली, वाईट हसली नाही, पण हसली. कुझेसर बाहेरून ओरडले, "हात, तोमोए, हात!" तेव्हा कुठे मी खाली बघितलं.

मग पुढच्या सामन्यात त्यांनी मला बसवून ठेवलं.

गंमत बघ, दिवसभर कारखान्यात हे हात माझं ऐकतात. उकडलेल्या ट्यूनाचा काळा भाग सुरीने असा अलगद काढतात की पांढऱ्या मांसाला ओरखडा नाही. मुकादम नव्या मुलींना माझ्या शेजारी उभं करतो, हिचे हात बघा म्हणून. मैदानावर तेच हात दुसऱ्या कुणाचे होतात. आणि कुणाचे ते मला ठाऊक आहे. बाबांचे. मी त्यांच्यावर इतकी चिडलेय की तुला सांगता येत नाही. लाज त्यांना वाटते आणि चारचौघांत हसं माझं होतं.

आले तेव्हा बाबा दारात होते. म्हणाले, "लागलं नाही ना कुठे?" मी म्हटलं, नाही. संपलं बोलणं. हरलो का जिंकलो, तेसुद्धा विचारलं नाही.

तोमोए

---

कोबे, ५ जुलै

तोमोए,

चिडू नकोस असं मी म्हणणार नाही, राग हा चांगला विस्तव असतो. पण तो भावोजींवर कशाला जाळतेस? तुला सगळं ठाऊक आहे असं समजू नकोस. मला ठाऊक आहे त्यातलं सगळं मला बोलता येत नाही, आणि ते बोलायचं नाही असं मी एका माणसाला कबूल केलंय. एवढं वाचून पुढचे प्रश्न विचारू नकोस, मी उत्तर देणार नाही आणि तुझं टपाल हशील वाया जाईल.

बातमी अशी की सप्टेंबरात इथे कोबेत युरोपातला एक संघ येतोय आणि तुम्ही त्यांच्याशी खेळणार, असं भिंतीवर चिकटवलंय. खाली बारीक अक्षरात "महिला" असं आहे. मी ते अक्षर कोळशाने मोठं केलं.

भावोजींना घेऊन ये. मी त्यांना स्वतः लिहिते, दुकानाचं दार कुरकुरतंय, सुतार हवाय म्हणून. सुतारकाम म्हटलं की ते येतील.

किनु

---

शिमिझु, १६ ऑगस्ट

किनुमावशी,

बोनचे, पितरांचे दिवस काल संपले. आईच्या थडग्यावर पाणी घातलं, घासून काढलं. बाबांनी दगडाची वरची बाजू घासली, पुसली, पुन्हा घासली. मी त्यांना म्हटलं, झालं आता, झिजेल. मग ते थांबले. कोबेला येतो म्हणाले. दार कुठल्या लाकडाचं आहे ते कळव.

आता माझं ऐक. शिबिरात कुझेसरांनी सगळे उपाय करून बघितले. पाठीमागे पंच्याची दोन टोकं धरून मला उभी केली, रित्सु छातीवर चेंडू फेकायची. पंचा होता तोवर हात मागे राहिले, पंचा काढला की वर. मग प्रत्येक मुठीत कच्चं अंडं दिलं. हात वर गेले की अंडं फुटेल, मग कळेल, असा त्यांचा हिशेब. दोन्ही अंडी मी माझ्याच छातीवर फोडली. सगळ्या हसल्या, मीही हसले, मग न्हाणीघरात जाऊन जर्सी धुता धुता इतकी रडले की रित्सुने नळ बंद केला.

कुझेसर वाईट नाहीत. त्यांनी मला बाजूला बसवलं आणि सरळ सांगितलं. "बचावात तुझ्यासारखी दुसरी नाही माझ्याकडे. पण गोलसमोर हात लागला तर पेनल्टी, म्हणजे आपण होऊन गोल देणं. कोबेत तुला उतरवतो. तिथे हात वर गेले तर मी तुला पुन्हा घेऊ शकत नाही. मला समजून घे."

मी समजून घेतलं. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं. म्हणजे कोबेत हात खाली राहिले तर बाबा बघणार की मुलगी भर मैदानात छाती उघडी टाकून चेंडू झेलते, आणि वर गेले तर संघ गेला. मी ठरवलंय. हात खाली. बाबांना लाज वाटली तर वाटू दे, तोंड फिरवून बसू देत. त्यांनी बांधलेले हात मी त्यांच्यासमोरच सोडवणार. एकदा जमलं की मग कायमचं जमेल असं मला आतून वाटतंय.

मावशी, हा संघ म्हणजे माझं काय आहे ते मला नीट लिहिता येत नाही. पहिल्यांदा कुणी माझ्या पाठीवर मी जिथून आले त्या देशाचं नाव लिहिलंय. ते मला काढायचं नाहीये.

तोमोए

---

कोबे, १२ सप्टेंबर

तोमोए,

तू सामन्यानंतर कुणाला न भेटता संघाच्या बसमध्ये जाऊन बसलीस. आम्ही फाटकाशी उभे होतो. बसच्या काचेत तुझं डोकं दिसलं. हाक मारावी असं मला वाटलं, पण भावोजींनी माझी बाही धरली. तेव्हापासून हे पत्र मनात लिहितेय.

आधी मी काय बघितलं ते सांगते. त्या उंच पोरी आणि तुम्ही, म्हणजे विजेच्या खांबांत वाटाण्याच्या वेली. किती गोल झाले ते मी दुसऱ्यानंतर मोजायचं सोडून दिलं. पण तू खेळत होतीस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, तरी मागचे दोघे बाप्ये म्हणत होते की ती मागची बुटकी चांगली आहे, चेंडू कुठे येणार ते आधीच ओळखते. मी मागे वळून सांगितलं, माझी भाची. भावोजी मांड्यांवर हात ठेवून बसले होते, देवळात बसल्यासारखे.

मग तो चेंडू आला. गोलच्या समोर, जोरात, सरळ तुझ्या छातीवर. आणि तुझे हात वर गेले.

शिटी वाजली, सगळं मैदान हळहळलं. मी भावोजींकडे बघितलं. तोमोए, त्यांचे हात त्यांच्या छातीवर होते. दोन्ही, आडवे, हुबेहूब तुझ्यासारखे. ते गोल बघत नव्हते, पंच बघत नव्हते, तुलाच बघत होते. आणि म्हणाले, "लागलं नाही तिला. बरं झालं."

सगळे हळहळत होते आणि त्या माणसाच्या जिवात जीव आला होता. मग तुला बाहेर काढलं, दुसरी मुलगी आत गेली. तेव्हा त्यांनी मला विचारलं, "ती का गेली? हात तर धरले होते तिने." तुझी पत्रं वाचून मला जे माहीत होतं ते मी सांगितलं, की हात धरणं हीच तिथे चूक आहे. त्यांनी सावकाश हात खाली घेतले आणि शेवटपर्यंत वर बघितलं नाही.

दुकानात आल्यावर त्यांनी दार काढलं, रंधा मारला, पुन्हा बसवलं. मी तवा तापवला. धिरडं समोर ठेवलं ते त्यांनी खाल्लं नाही. आणि मग जे बोलले ते मी तुला लिहितेय. न सांगण्याचा शब्द मी त्यांना दिला होता. तो त्यांनीच परत घ्यायला सांगितला, तू सांग, मला जमणार नाही, असं म्हणाले.

तुझी आई पोटाच्या दुखण्याने गेली नाही. तिच्या छातीत गाठ होती. त्या रोगाचं नाव कुणी घेत नाही, डॉक्टरांनी तिलासुद्धा सांगितलं नव्हतं, फक्त भावोजींना बोलावून सांगितलं. तिला पोटाचं सांगितलं, तुला पोटाचं सांगितलं, शेजाऱ्यांना पोटाचं. मला माहीत होतं, कारण तिला अंघोळ मी घालत होते. ताईलाही कळलं होतं, मला खात्री आहे. पण सगळे एकमेकांसाठी पोटाचंच बोलत राहिलो. आपल्याकडे असंच करतात.

पण पुढचं मलाही माहीत नव्हतं. आदल्या वर्षी ते दोघं मिळून होडीची लांब फळी उचलून नेत होते. भावोजी पुढे, ताई मागे. कुणीतरी हाक मारली आणि भावोजी वळले. मागचं टोक ताईच्या छातीवर बसलं. ती हसली म्हणे, म्हणाली, काही नाही झालं. ते म्हणाले, "नंतर गाठ आली. त्याच बाजूला. मी वळलो नसतो तर."

अकरा वर्षं हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही. मग तू फुटबॉल खेळायचं म्हणून हटून बसलीस, हातात फळी घेतलेल्या माणसासमोर. त्यांना नाही म्हणवेना आणि हो म्हणायची भीती वाटली. म्हणून ते एकच वाक्य बोलले. त्यात लाज कधीच नव्हती, पोरी. सामन्याला ते येत नव्हते कारण त्यांना बघवत नव्हतं.

सल्ले द्यायला मी नेहमी पुढे असते. या वेळी नाही सुचत.

किनु

---

शिमिझु, ३० सप्टेंबर

किनुमावशी,

तुझं पत्र मी कारखान्याच्या मागे उभी राहून वाचलं आणि परत जाऊन मासे सोलले. हातांनी नेहमीसारखं काम केलं.

कुझेसरांना मी गेल्या आठवड्यात भेटले. आणखी एक संधी द्या म्हणून पाया पडायची बाकी ठेवली. त्यांनी ऑक्टोबरच्या शिबिराला ये म्हटलंय, कबूल काही केलं नाही. त्यांना कारण सांगावं असं तोंडावर आलं होतं. मग वाटलं काय सांगू? आईचं? बाबांचं? ते ऐकतील, मान हलवतील, आणि पेनल्टी ती पेनल्टीच.

तुला वाटलं असेल की खरं कळलं म्हणजे गाठ सुटेल. मलाही तसं वाटलं होतं. उलट झालं. आधी बाबांवर राग होता, त्या रागाच्या जोरावर मी हात खाली ओढायचे, निम्मे तरी यायचे. आता राग कुणावर आणू? परवा शाळेच्या मैदानावर लहान मुलींबरोबर खेळले. त्या दहा-अकरा वर्षांच्या, त्यांना नवे नियम शिकवलेत, चेंडू छातीवर घेतात आणि हात पंखांसारखे बाजूला. माझ्याकडे चेंडू आला आणि माझे हात गेले वर, पूर्वीपेक्षा लवकर. एक चिमुरडी म्हणाली, "ताई, हात!" मी म्हटलं, हो गं, मला माहितीय.

घरी बाबा आणि मी पूर्वीसारखेच आहोत. त्यांना ठाऊक आहे की तू मला लिहिलंस. मला ठाऊक आहे की त्यांना ठाऊक आहे. अळीमिळी गुपचिळी. फक्त परवा ते माझ्या ताटलीत मासळीचा मधला तुकडा ठेवून स्वतः शेपटीकडचा घेऊन बसले.

तोमोए

---

शिमिझु, १९ ऑक्टोबर

किनु यांस,

दार ठीक चालत असेल. थंडीत आवळलं तर वरच्या कडेला मेण लावा.

इथल्या मोठ्या इस्पितळात जाऊन डॉक्टरांना विचारलं. चेंडू लागून तो रोग होतो का. ते म्हणाले, माराने तो होत नाही. चेंडूच्या नाही आणि कशाच्याही नाही. मी पुन्हा विचारलं, फळीच्या? ते नाही म्हणाले. मग कशाने होतो? ते म्हणाले, ठाऊक नाही. बराच वेळ बसलो होतो. मागे रांग होती म्हणून उठलो.

तोमोएला सांगावं की हात खाली ठेवले तरी चालेल. मला समोर बोलता येत नाही. तुम्ही लिहिलंत तर ती ऐकेल.

तामेओ

---

शिमिझु, ३ नोव्हेंबर

किनुमावशी,

तुझी चिठ्ठी आणि तिच्यात घडी घालून ठेवलेलं बाबांचं कार्ड मिळालं. एका घरात राहतो आम्ही, दोन खोल्यांमधली भिंत कागदाची, ते कूस वळले तरी मला ऐकू येतं, आणि त्यांचा निरोप कोबेवरून फिरून आला. त्यावर मी हसले. मग ते इस्पितळातल्या बाकावर बसलेले मला दिसले आणि हसू गेलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "पत्र आलं मावशीचं." ते हूं म्हणाले. मग थोड्या वेळाने उठले, चपला घातल्या, आणि दाराशी पडलेला माझा चेंडू काखेत घेऊन उभे राहिले. मी काही न विचारता मागे गेले.

शाळेच्या मैदानावर कुणी नव्हतं. त्यांनी मला चार पावलांवर उभं केलं, पुन्हा मोजून बघितलं आणि तीनच ठेवली. म्हणाले, "मी फेकतो. तू हात मागे धर." आयुष्यात त्यांनी चेंडू हातात घेतला नसेल. दोन्ही हातांनी खालून टाकला, तान्ह्या मुलाकडे टाकावा तसा. तो माझ्या छातीला नुसता टेकला आणि पडला. हात वर गेले. ते म्हणाले, पुन्हा. पुन्हा गेले. पुन्हा. ते चिडले नाहीत, मी रडले नाही. अंधारून येईपर्यंत आम्ही तेच करत होतो, आणि शेवटी शेवटी एकदा माझे हात खालीच राहिले, मावशी. चेंडू छातीवर बसला, पायाशी आला. मी वर बघितलं, त्यांना दाखवायला.

चेंडू सोडल्या क्षणी त्यांचे हात त्यांच्या छातीवर गेले होते. त्यांना कळलंही नव्हतं.

तेव्हापासून रोज येतात. काम आटोपून, भुशाने माखलेले, चेंडू काखेत. आता चार पावलांवरून फेकतात. माझे हात कधी राहतात, कधी नाही. त्यांचे दर वेळी वर जातात. मी त्यांना सांगत नाही.

तुला एकच सांगायचं राहिलं, म्हणून हे लिहायला बसले. शिबिर मागच्या महिन्यात झालं. तिथे माझे हात पहिल्याच दिवशी गेले. कुझेसरांनी नुसती टोपी काढून पुन्हा घातली. पुढच्या वर्षीच्या संघाची नावं गेल्या सोमवारी आली. रित्सु आहे. माझ्या जागेवर सतरा वर्षांची एक मुलगी आहे, मी तिला बघितलंय, चांगली आहे, हात पंखांसारखे. माझं नाव नाही. जर्सी धुऊन परत पाठवायची आहे. ती अजून दोरीवर आहे. बाबांना वाटतंय सरावाला लागते म्हणून वाळत घातलीय.

त्यांना सांगितलेलं नाही. रोज सांगायचं ठरवून मैदानावर जाते. ते तीन पावलं मोजतात, मग एक जास्त टाकतात, वळतात आणि विचारतात, "पुढचा सामना कधी?" मी म्हणते, वेळ आहे अजून.

तू तरी लिहू नकोस त्यांना. बाहेर त्यांनी चपला घातल्यात, चेंडू आपटल्याचा आवाज येतोय. मला जायला हवं.

तोमोए